हुजूरपागा ते बर्लिन



आपल्या १९९५च्या दहावीच्या ग्रुपवर गेली दोन वर्षं एकच विषय चालू आहे. कुणाची लेक एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघाली आहे, कुणाचा मुलगा हॉलंडला. व्हिसाची तारीख, बँकेत किती पैसे दाखवायचे, कुकर न्यायचा की तिथेच घ्यायचा, थंडीचे बूट कुठे स्वस्त मिळतात. रात्री अकरालासुद्धा कुणी ना कुणी विचारत असतं आणि कुणी ना कुणी उत्तर देत असतं. म्हणून स्मरणिकेच्या संपादक मैत्रिणींनी परदेशातल्या विद्यार्थिजीवनावर लेख मागितला तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. पंचविशीत मी सहा महिने जर्मनीत होते, पण ऑफिसच्या कामाला. राहण्याची सोय, तिकीट, विमा सगळं कंपनीचं. त्याला काही विद्यार्थिजीवन म्हणता येत नाही. तेव्हा माझ्याबद्दल न लिहिता आपल्याच शाळेतून गेलेल्या एका मुलीबद्दल लिहिते. ती १९२८ साली बर्लिनला शिकायला गेली होती.

इरावती करमरकर. पुढे इरावती कर्वे. जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशात मिंज्यान या गावी. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत होते. इरावदी नदीवरून मुलीचं नाव इरावती ठेवलं. पाच भाऊ आणि ही एकटी बहीण. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला पाठवलं, हुजूरपागेत, बोर्डिंगमध्ये. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथे होती त्या जागी मुलींची शाळा भरते, हे आपल्याला पाचवीत कौतुकाने सांगायचे. त्या सात वर्षांच्या मुलीलाही कुणी सांगितलं असेल का, असं मनात येतं. ब्रह्मदेश तेव्हा सरकारदरबारी हिंदुस्थानातच मोडत होता. पण नकाशातला रंग एक असला तरी आईवडील आणि आपण यांच्यामध्ये समुद्र होता. घर सोडून परक्या गावी शिकायला जाण्याची तिची सुरुवात इथूनच झाली, बर्लिनला नव्हे.

शाळेत तिची मैत्री शकुंतला परांजपेशी झाली. शकुंतलाचे वडील म्हणजे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिले आलेले. परांजप्यांनी या मुलीला आपल्याच घरी ठेवून घेतलं. घर पुस्तकांचं, वादांचं. रँग्लर साहेब उघड नास्तिक होते आणि कुठलीही गोष्ट कुणी मोठ्याने सांगितली म्हणून खरी मानायची नाही, हा त्या घराचा रिवाज. शकुंतला पुढे स्वतः केंब्रिजला गणित शिकली आणि तिने संततिनियमनासाठी मोठं काम केलं. सई परांजपे यांच्या त्या आई. दोन मुली एका घरात वाढल्या आणि दोघींच्याही डोक्यात भीती नावाची वस्तू फारशी शिरली नाही. याचं श्रेय मी निम्मं त्या घराला देते. उरलेलं निम्मं शाळेला द्यावं की नाही, ते बाईंनी ठरवावं!

फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्यावर दक्षिणा फेलोशिप मिळाली. मग मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. १९२८च्या एम. ए.च्या प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे स्वतःचीच जात. आपल्याच माणसांकडे अभ्यासाच्या नजरेने पाहायचं वळण तिथे लागलं असावं.

याच काळात लग्न झालं. नवरा दिनकर धोंडो कर्वे, फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे, स्वतः जर्मनीत लाइपझिगला डॉक्टरेट केलेले. सासरे धोंडो केशव कर्वे, सगळ्या महाराष्ट्राचे अण्णा. दीर रघुनाथराव 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून अख्ख्या समाजाच्या शिव्या खात होते. आता असं सासर म्हटल्यावर सुनेने जर्मनीला जाऊन शिकायचं म्हटलं की पेढे वाटले गेले असतील, असंच कुणालाही वाटेल. पण अण्णांचा विरोध होता. हिंगण्याला विधवांना शिकवणारे, १९१६ साली बायकांचं विद्यापीठ काढणारे अण्णा घरातल्या सुनेच्या परदेशी शिक्षणाला नाही म्हणाले. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला होता. आता येत नाही. माणूस एका आयुष्यात किती भिंती पाडणार, आणि पाडता पाडता एखादी त्याच्या पाठीमागे उभी राहिलेली असते, ती त्याला कशी दिसणार? गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, १९२९मध्ये, वयाच्या ७१व्या वर्षी अण्णा स्वतः जगाच्या दौऱ्यावर निघाले.

दिनकररावांनी वडिलांचा विरोध मानला नाही. बायकोने जायचं हे त्यांनी ठरवूनच टाकलं. त्या दोघांच्या संसारात ही एक गोष्ट शेवटपर्यंत दिसते. घरातल्या व्यवहाराचा मोठा भार त्यांनी उचलला, म्हणून ती लांब लांब हिंडू शकली. आपल्या पिढीतसुद्धा असे नवरे मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतात, तेव्हा १९२८ची काय कथा.

पैशांचा प्रश्न होताच. ते कर्जाऊ घेतले जीवराज मेहता यांच्याकडून. हे डॉक्टर, काँग्रेसचे, पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. आज आपण पोरांसाठी शैक्षणिक कर्ज काढतो तेव्हा मध्ये बँक असते, तारण असतं, हप्त्याचं कोष्टक असतं. इथे मध्ये फक्त शब्द होता. कर्ज काढून शिकायला गेलेल्या माणसाच्या डोक्यावर काय ओझं असतं ते आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे. पदवी हातात न घेता परत येणं परवडत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत ते महत्त्वाचं आहे.

१९२८च्या नोव्हेंबरात ती निघाली. वय २२. नवरा पुण्यात, सासऱ्यांची नाराजी, शिकायचं जर्मन भाषेत आणि प्रबंधही जर्मनमध्येच लिहायचा. बर्लिनचा हिवाळा मी पाहिलेला नाही, पण जर्मनीतला पाहिला आहे. दुपारी चारला दिवे लागतात, आणि आपण घरी फोन करायला लागतो. तिच्याकडे फोन नव्हता. पत्र बोटीने जायचं, उत्तर यायला महिना-दीड महिना सहज लागायचा. म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दल घरी विचारावं आणि उत्तराची वाट पाहून ठरवावं, ही सोयच नाही. ठरवायचं ते एकटीनेच, आणि त्याच दिवशी.

ती दाखल झाली बर्लिनच्या डाह्लेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र विभागात. संस्था वर्षभरापूर्वीच, १९२७ साली सुरू झाली होती. संचालक ऑयगेन फिशर. तेच तिचे मार्गदर्शक. हा माणूस कोण होता ते सांगायला हवं. १९०८ साली ते आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, आजच्या नामिबियात, गेले होते. तिथे युरोपीय पुरुष आणि आफ्रिकी बायका यांच्या वंशजांची मोजमापं घेऊन त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि असे मिश्र संबंध होऊ नयेत असा निष्कर्ष काढला. त्याच वसाहतीत त्याच काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली होती. फिशर म्हणजे कुणी कोपऱ्यातले विक्षिप्त गृहस्थ नव्हते. त्या काळच्या जर्मन विज्ञानाच्या पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची होती. दरवाजावर संस्थेची पाटी, आत उपकरणं, टेबलांवर कोष्टकं. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं चोख विज्ञानच दिसलं असतं.

इरावतीला जो प्रश्न मिळाला तो माणसाच्या कवटीचा. आपल्या कुणाचंच डोकं डावीकडे-उजवीकडे अगदी सारखं नसतं, थोडा फरक असतो. फिशर यांचं म्हणणं असं की हा फरक गोऱ्या युरोपीय कवट्यांत वेगळ्या प्रकारचा आहे, कपाळामागचा मेंदूचा भाग त्यांच्यात एका बाजूला अधिक वाढलेला असतो, आणि तर्काने विचार करण्याची ताकद त्यातून येते. म्हणजे गोरा माणूस श्रेष्ठ का, याचा पुरावा हाडात सापडायला हवा. तो शोधण्याचं काम एका ब्रह्मदेशात जन्मलेल्या, पुण्याच्या, सावळ्या मुलीकडे आलं. यातला विनोद फिशर यांच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे.

आता इथे मला थोडं थांबू द्या, कारण हा भाग माझ्या धंद्याच्या जवळचा आहे. डाव्या-उजव्याचा फरक मोजायचा म्हणजे आधी मध्य ठरवायला हवा. पण ज्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नाहीत, तिची मधली रेघ तरी सरळ कशी असेल? ती कुठून कुठे काढायची, यावर पुढचा प्रत्येक आकडा अवलंबून. फरक काही मिलिमीटरांचे. हात किंचित हलला, कंपासाचं टोक हाडावर जरा पुढेमागे टेकलं, की तेवढा फरक मोजणाऱ्याच्याच हातून तयार होतो. अशा ठिकाणी ज्याला जे हवं ते सापडू शकतं. मुद्दाम खोटं करावं लागत नाही. नकोसा आकडा आला की पुन्हा मोजायचं आणि हवासा आला की पुढे जायचं, एवढं पुरतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही चाचण्या लिहितो तेव्हा नव्या मुलांना मी हेच सांगत असते, की उत्तर काय यायला हवं ते आधी साहेबांना विचारून चाचणी लिहू नका.

तिने जवळजवळ दीडशे कवट्या मोजल्या. त्यांतल्या बऱ्याच पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. कशा आणल्या, कुणाच्या परवानगीने, हा प्रश्न त्या काळी त्या इमारतीत कुणी विचारत नव्हतं. त्या माणसांची नावं नव्हती, क्रमांक होते. परक्या देशात, परक्या भाषेत, एकामागून एक कवटी हातात घेऊन आकडे मांडत बसलेली ती मुलगी मला फार वेळा डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे मृतदेहाजवळून आलं की आंघोळ करायची पद्धत. ती पुण्याच्या घरात वाढलेली होती. पहिल्या दिवशी तिला काय वाटलं असेल?

आकडे काय म्हणाले? सगळ्यांच्याच कवट्या थोड्याफार वाकड्या. युरोपीय असो वा आफ्रिकी, दोन बाजू सारख्या नसणं ही माणसाची साधी, नेहमीची गोष्ट. त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही. तिच्या जर्मन प्रबंधाच्या नावातच 'नेहमीची' या अर्थाचा शब्द आहे. माणसाच्या कवटीची नेहमीची असममिती, असं काहीसं त्याचं मराठी होईल. मला ते नाव फार आवडतं. त्यात आरडाओरडा नाही, निषेध नाही. जे तुम्ही विशेष म्हणत होतात ते सगळ्यांचंच आहे, एवढंच.

आता कर्जाची गोष्ट आठवा. घरापासून हजारो मैलांवर, उसन्या पैशांवर राहणारी विद्यार्थिनी. पदवी देणारा एकच माणूस, आणि त्याचंच म्हणणं चुकीचं ठरतंय. तिला दुसऱ्या वाटा होत्या. विषय बदलून मागता आला असता. आकडे तसेच ठेवून निष्कर्ष गुळमुळीत लिहिता आला असता, अधिक संशोधनाची गरज आहे वगैरे. पुष्कळांनी तेच केलं असतं आणि त्यांना कुणी नावंही ठेवली नसती. तिने जे आलं ते लिहिलं आणि प्रबंध फिशर यांच्याच हातात दिला.

फिशर यांनी तो नापास केला नाही, हे त्यांच्या खात्यावर मांडायला हवं. पण उत्तीर्ण होण्यापुरती जी सर्वांत खालची श्रेणी असते, ती दिली. काठावर पास! आपल्या काळात पस्तीस मार्क पडले की प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी जायचं. या पस्तीस मार्कांचं प्रगतिपुस्तक मात्र भिंतीवर लावायच्या योग्यतेचं आहे असं मला वाटतं.

१९३० साली डॉक्टरेट घेऊन ती परत आली. त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मनीत निवडणुका झाल्या आणि हिटलरच्या पक्षाच्या जागा १२ वरून १०७ झाल्या. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३७ साली ऱ्हाइनलँडमधल्या आफ्रिकी वडिलांच्या मुलांची सक्तीने नसबंदी करण्यात आली, त्यासाठी मुलांची 'तपासणी' करण्यात फिशर आणि त्यांच्या संस्थेतली माणसं होती. फिशर यांच्यानंतर तिथे आलेल्या संचालकांकडे आउशविट्झच्या छळछावणीतून डॉक्टर मेंगेलेने पाठवलेले शरीराचे नमुने येत होते. अवघ्या बारा-पंधरा वर्षांत कंपास आणि कोष्टकं कुठे पोचली ते पाहा. काठावर पास झालेला तो एक प्रबंध या सगळ्याला थांबवू शकला नाही, शकणारही नव्हता. पण तो त्या संस्थेच्याच कागदपत्रांत, संचालकांच्याच विद्यार्थिनीच्या नावावर, उलट साक्ष देत राहिला.

परत आल्यावर इरावतीबाई (आता त्यांना बाई म्हणायला हवं) १९३१ ते १९३६ मुंबईत सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात प्रशासनाचं काम पाहत होत्या. ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांच्याच संस्थेत परदेशी पदवी कामी आली! पण फायलींत त्यांचा जीव रमणारा नव्हता. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या समाजशास्त्राच्या रीडर झाल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. बर्लिनहून येताना त्या मोजमापाची विद्या घेऊन आल्या आणि ती त्यांनी टाकून दिली नाही. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी वेगवेगळ्या जातींच्या लोकांची डोकी, नाकं, उंची मोजली, रक्तगट तपासले. आज ते वाचताना अवघडल्यासारखं होतं, आणि अभ्यासकांनी त्यावर टीकाही केली आहे. ती टीका मला पटते. पण त्या मोजमापांतून त्यांनी काय काढलं तेही पाहावं. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीतले वेगवेगळे पोटगट एकमेकांशी जुळतीलच असं नाही, असं त्यांना दिसलं. म्हणजे एक मूळ जात फुटत फुटत पोटजाती झाल्या, हे नेहमीचं स्पष्टीकरण पुरेसं नाही. आधीपासून निरनिराळे असलेले समूह एका नावाखाली जवळ आले असावेत, असं त्यांनी १९६१च्या हिंदू समाजावरच्या इंग्रजी पुस्तकात मांडलं. हे कुणाच्या विरुद्ध जात होतं? त्यांचे पहिले गुरू घुर्ये यांच्या! आयुष्यात दोन मार्गदर्शक लाभले आणि दोघांनाही त्यांनी आकडे दाखवून सांगितलं की तुमचं बरोबर नाही. मुंबईचे गुरू असोत की बर्लिनचे.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, म्हणून भरभर सांगते. कुंकू लावत नसत, मंगळसूत्र घालत नसत, पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवत. बाई स्कूटरवर, हे तेव्हाच्या पुण्याला पचायला वेळच लागला. पण पंढरीच्या वाटेवर त्या वारकऱ्यांबरोबर चालल्या आणि त्यावर असं लिहिलं की श्रद्धा नसलेल्यालाही चालावंसं वाटावं. १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. मामेबहिणीशी लग्न कुठे चालतं, कुठे पाप, आत्याला काय म्हणतात, नणंदेला काय, हे सगळ्या देशभर गोळा करून त्यांनी लावून दाखवलं. 'परिपूर्ती' मधला तो लेख तर आपण सगळ्यांनीच वाचलेला. सभेत अमक्याची सून, तमक्याची पत्नी अशी ओळख झाली, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, आणि ते पुरं होतं रस्त्यावरच्या शाळकरी पोरांच्या तोंडून, वर्गमित्राची आई म्हणून ओळखलं गेल्यावर. डॉक्टरेट, परदेश, पदं यांतलं काहीच त्या लेखात कामाला येत नाही. 'युगान्त'ला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. महाभारतातल्या माणसांनाही त्यांनी देव्हाऱ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि सगळ्या बाजूंनी पाहिलं. कोयना धरणामुळे घर गेलेल्या लोकांची त्यांनी गावोगाव जाऊन पाहणी केली, त्यात लेक जाई निंबकर बरोबर होती. धरण हवं की नको यावर भाषणं सगळेच देत होते. उठवलेल्या माणसांचं पुढे झालं काय, हे विचारायला या दोघी गेल्या.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या. वय ६४. आपल्यातल्या कुणाचाही तेव्हा जन्म झाला नव्हता.

बर्लिनला मुलांना पाठवणाऱ्या मैत्रिणींसाठी पत्ता देऊन ठेवते. डाह्लेमची ती इमारत अजून उभी आहे, इनेश्ट्रासे २२. आता ती फ्री युनिव्हर्सिटीची आहे आणि तिथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. जगभरातून एका सेमिस्टरसाठी आलेली मुलं तिथल्या जिन्यावरून ये-जा करतात. दाराशी १९८८ साली लावलेली पाटी आहे, त्या संस्थेत काय घडलं ते सांगणारी. २०१४ मध्ये जवळच खोदकाम चालू असताना माणसांची हाडं सापडली, हजारो तुकडे, आणि २०२३ साली ती रीतसर पुरण्यात आली. यू-बानने थीलप्लात्सला उतरायचं. तिथून चालत पाच-सात मिनिटं.